मी थांबते इथंच, तुम्ही या जाऊन

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आई आमच्याकडं इंग्लंडला तीन महिने राहायला आली होती. आई म्हणजे रोज पहाटे उठून पाच किलोमीटर चालून येणारी बाई, एक गुडघा जरा खराब आहे पण तोही सपाटीवर कुरकुरत नाही, चढउतर आली की मात्र रुसून बसतो. आमच्या घरामागून एक पायवाट निघते, दोन शेतं ओलांडून ओढ्याच्या कडेकडेनं पुढच्या गावातल्या जुन्या चर्चपर्यंत जाते, आणि ती वाट मी आईला व्हिडिओ कॉलवर इतक्या वेळा दाखवली होती की तिला कुठल्या वळणावर कुठलं झाड आहे ते पाठ झालेलं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाली, चल, तुझी ती वाट दाखव.

दहा मिनिटं छान चाललो. मग कुंपण आलं, आणि कुंपणात ते लाकडी प्रकरण. दोन आडव्या फळ्या पायरीसारख्या, वरून मांडीएवढ्या उंचीची दांडी, एक पाय इकडं एक पाय तिकडं करत घोड्यावर बसल्यासारखं ओलांडायचं. याला इथं स्टाइल म्हणतात, उच्चार आपल्या फॅशनवाल्या स्टाइलसारखाच. मेंढ्या-गाई अडाव्यात आणि माणूस जावा म्हणून शेकडो वर्षं चालत आलेली युक्ती. व्हिडिओ कॉलवर मी ती ओलांडताना फोन खाली धरायचे, त्यामुळं आईला ती कधी दिसलीच नव्हती.

आईनं फळीला हात लावून बघितला, फळी डुगडुगत होती. एक पाय ठेवला, परत खाली घेतला. मग अगदी सहज, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाली, "मी थांबते इथंच, तुम्ही या जाऊन."

आम्ही अर्थातच गेलो नाही, परत फिरलो, येताना कुणी काही बोललं नाही. पुढचे तीन महिने आई मोठ्या रस्त्याच्या कडेनं बसस्टॉपपर्यंत आणि परत अशी चालली, ट्रकांच्या आवाजात, आणि त्या वाटेचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मला मात्र ती दांडी डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर तिथं मी पहिल्यांदा अडले नव्हते. मुलगी लहान असताना तिची बाबागाडी याच दांडीवरून आम्ही दोघांनी उचलून पलीकडं नेलेली, नवरा एका बाजूला मी दुसऱ्या, मुलगी आत बसून टाळ्या वाजवतीय, आणि तेव्हा मी तावातावानं म्हणाले होते की हे कुणीतरी बदलायला पाहिजे. सहा महिन्यांत पोरगी चालायला लागली, वर्षभरात ती स्वतः त्या दांडीवर चढून उड्या मारायला लागली, आणि माझा ताव कुठं गेला मलाच कळलं नाही. अशा अडथळ्यांची गंमतच ही आहे. ज्याला त्रास होतो तो एक तर थोड्या दिवसांत त्यातून बाहेर पडतो आणि विसरतो, नाहीतर यायचाच बंद होतो. दोन्हीकडून तक्रार शिल्लक राहत नाही.

आता या वाटांबद्दल जरा सांगते, कारण मला स्वतःला इथं येऊन बरीच वर्षं झाली तरी हे कळलं नव्हतं की त्या नुसत्या 'गावातल्या वाटा' नाहीत, त्या कायद्यानं रस्ते आहेत. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे १ लाख ४० हजार मैल, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर असल्या सार्वजनिक हक्काच्या वाटा आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या खासगी जमिनीतून जातात. जमीन शेतकऱ्याची, चालायचा हक्क सगळ्यांचा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशे काढणाऱ्या संस्थेच्या नारिंगी कव्हरच्या मोठ्या नकाशावर हिरव्या तुटक रेषा दिसतात त्या याच. रेघोट्या आखूड असल्या तर फुटपाथ, फक्त पायी जायचं. लांब असल्या तर ब्रायडलवे, तिथं पायी, घोड्यावरून आणि सायकलवरूनही जाता येतं. सायकल मात्र उशिरा आली, १९६८ च्या कायद्यानं, आणि तीही अटीवर, की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. शिवाय आणखी दोन प्रकार आहेत, एकात घोडागाडी चालते, दुसऱ्यात मोटारसुद्धा. प्रत्यक्ष वाटेवर खांबांना बाण ठोकलेले असतात, फुटपाथला पिवळा, ब्रायडलवेला निळा, मग जांभळा आणि लाल. मुलीला रंग शिकवले ते मी या बाणांवरच.

पिवळे बाण सगळीकडं, निळा क्वचित. इंग्लंडातल्या सगळ्या वाटांची लांबी धरली तर घोडेस्वार आणि सायकलवाल्यांना त्यातला साधारण २२ टक्केच भाग खुला आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ही भानगडच नाही, तिथं २००३ च्या कायद्यानं जबाबदारीनं वागायच्या बोलीवर जवळजवळ सगळ्याच जमिनीवरून पायी, सायकलनं, घोड्यावरून जाता येतं. इथं मात्र रेष कुठली आहे त्यावर सगळं.

आणि रेष कुणी काढली? हे कळलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. १९३२ च्या २४ एप्रिलला डर्बीशरमधल्या किंडर स्काउट नावाच्या पठारावर सुमारे चारशे माणसं मुद्दाम घुसली, बहुतेक मँचेस्टर-शेफिल्डच्या कारखान्यांत राबणारी तरुण पोरं, रविवारी मोकळी हवा खायला दुसरी जागा नाही आणि डोंगर सगळा शिकारीसाठी राखलेला. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. पाच जणांना तुरुंगात टाकलं, तेही अतिक्रमणाच्या नाही तर दंगा-मारामारीच्या आरोपांखाली. पुढं युद्ध झालं, सरकार बदललं आणि १९४९ मध्ये कायदा आला की काउंटी कौन्सिलांनी, म्हणजे आपली जिल्हा परिषद समजा, आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायचा. एकदा त्या नकाशावर वाट चढली की तिच्यावर वाद नाही. पण चढवायची कुणी, तर पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा. पन्नासच्या दशकात गावोगावच्या लोकांनी आपापल्या वाटा फिरून याद्या केल्या. काही ठिकाणी मन लावून, काही ठिकाणी कसंतरी, काही ठिकाणी ज्याची जमीन त्याच्याच हातात यादी.

त्याचा परिणाम बघायचा असेल तर आमच्या घरापासून उत्तरेला तीन किलोमीटर या. नकाशावर एक लांब रेघोट्यांची हिरवी रेष टेकडीवरून ऐटीत खाली येते, ब्रायडलवे, आणि पॅरिशची हद्द आली की तिथंच, शेताच्या मधोमध, तिच्या रेघोट्या आखूड होतात. फुटपाथ. जमीन तीच, वाट तीच, माती तीच. अलीकडच्या गावानं पन्नासच्या दशकात लिहिलं की इथून घोडे जातात, पलीकडच्या गावानं लिहिलं की माणसं जातात. म्हणजे एखादा घोडा टेकडी उतरून तिथवर आला तर कायद्यानुसार त्यानं त्या अदृश्य रेषेपाशी मान वळवून परत चढ चढायचा. असल्या अर्ध्यात तुटलेल्या वाटा एकट्या आमच्याकडं नाहीत, देशभर आहेत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहतात, साठीच्या, एक म्हातारी घोडी पाळून आहेत. त्यांना त्या टेकडीवर जायचं तर दीड किलोमीटर डांबरी रस्त्यावरून जावं लागतं, साठ मैलांनी गाड्या जातात त्या रस्त्यावरून. जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय की घोड्याला ओलांडताना ताशी १० मैलांच्या आत वेग ठेवा आणि निदान २ मीटर अंतर सोडा, पण ते वाचलेला माणूस आणि सकाळी आठ वाजता ऑफिसला उशीर झालेला माणूस हे एकच असतील असं काही नाही. त्या बाई मला म्हणाल्या, मी आता घोडी अंगणातच फिरवते. मला एकदम आई आठवली. हीसुद्धा थांबलेलीच.

मराठीत वहिवाट हा फार नेमका शब्द आहे. वहिवाटीनं पडते ती वाट, आणि जिची वहिवाट मोडली ती वाट मोडली. इथल्या कायद्यातही चक्क हाच विचार आहे. एखाद्या जमिनीतून लोक सलग वीस वर्षं गेले, मालकानं अडवलं नाही, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते, १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये तसं कलमच आहे. फक्त जाणं कसं पाहिजे, तर बळजबरीनं नाही, लपूनछपून नाही आणि परवानगी मागूनही नाही. ही तिसरी अट मला फार आवडते. आपण भिडस्तपणानं मालकाला विचारलं, "जाऊ का हो इथून?" आणि त्यानं मोठ्या मनानं "जा की" म्हटलं, की झालं, हक्क गेला, उरली मेहेरबानी. शहाणे मालक म्हणूनच पाटी लावतात, 'परवानगीनं खुली वाट', वाचायला किती गोड.

उलट बाजूनं, एकदा सार्वजनिक झालेली वाट नुसती वापरली नाही म्हणून मरत नाही. एकदा हमरस्ता तो कायमचा हमरस्ता, असं इथलं जुनं कायदेवचन आहे. त्यामुळं लोक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले जमीनवाटपाचे कागद, चर्चच्या कराचे नकाशे असलं काय काय धुंडाळून विसरलेल्या वाटा शोधत बसतात. २०२० मध्ये रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेनं हजारो स्वयंसेवकांना जुने नकाशे नव्यांशी ताडून बघायला बसवलं, तर इंग्लंड-वेल्समध्ये ४९ हजार मैलांपेक्षा जास्त वाटा नकाशावरून गायब निघाल्या. त्या नोंदवायला १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख होती, मग इंग्लंडपुरतं सरकार म्हणालं मुदतच काढून टाकतो, मग म्हणालं नाही काढत, २०३१ करतो, मग डिसेंबर २०२४ मध्ये नवीन सरकारनं परत जाहीर केलं की काढणार. सरकारी काम जगात कुठंही सारखंच दिसतं बघा.

असो. मी सांगत होते त्या दांडीबद्दल.

आई परत गेल्यानंतर त्याच वर्षी हिवाळ्यात लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला, काउंटीच्या वाटांचा सुधारणा आराखडा नव्यानं करायचाय, लोकांनी मतं कळवावीत. २००० सालच्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला असा आराखडा करणं बंधनकारक केलंय, पहिले २००७ पर्यंत करायचे होते, आणि दर दहा वर्षांच्या आत पुन्हा बघायचे. कायद्यानं आराखड्याला तीन गोष्टी तपासायला सांगितल्यात. आपल्या वाटा लोकांच्या आजच्या आणि उद्याच्या गरजांना पुरतात का, व्यायामाला आणि मोकळ्या हवेत हिंडायला त्यातून काय संधी मिळते, आणि अंध, अधू नजरेच्या किंवा हालचालीला अडचण असलेल्या लोकांना त्या वापरता येतात का. वाचून बरं वाटलं. म्हटलं, आई कायद्यात आहे की.

घरी येऊन फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न, तुम्ही आपल्या भागातल्या वाटा किती वेळा वापरता? रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा, क्वचित, कधीच नाही. मी 'रोज'वर खूण केली आणि थांबले. आईनं हा फॉर्म भरला असता तर? 'कधीच नाही.' घोडीवाल्या बाईंनी? हल्ली 'कधीच नाही.' आणि हे सगळे फॉर्म एकत्र करून जो कुणी आकडे मांडेल त्याला काय दिसणार, तर ज्येष्ठ नागरिकांना वाटांमध्ये रस कमी आहे, घोडेस्वारांचा वापर घटतोय. जे रोज जातात त्यांना विचारलं तर ते सांगणार की वाट उत्तम आहे, फक्त बाक टाका एखादा. म्हणजे ज्यांना अडलं नाही त्यांच्या मतावर, कुठं अडतं ते ठरणार. नदीवर पूल पाहिजे का हे ठरवायला नदी पोहून जाणाऱ्यांची मोजदाद करण्यातला प्रकार. मी खालच्या 'इतर काही' रकान्यात दीड पान लिहिलं, आईचं, गुडघ्याचं, बाबागाडीचं, घोडीचं. रकान्यात मावत नव्हतं तर दुसरा फॉर्म उघडून उरलेलं त्यात लिहिलं.

उत्तर आलं नाही. पण दोन महिन्यांनी एक ईमेल आला की वाटांची पाहणी करायला स्वयंसेवक पाहिजेत. गेले. दोन शनिवार ट्रेनिंग, एक चमकदार जाकीट, एक टेप, आणि प्रत्येकाला आठ-दहा किलोमीटरच्या वाटा वाटून दिल्या.

मला वाटायचं मी त्या वाटा ओळखते. टेप हातात घेऊन चाललं की काहीच ओळखत नव्हतो असं कळतं. शेतातून मधोमध जाणारी पायवाट नांगरायची शेतकऱ्याला मुभा आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली की १४ दिवसांत परत चालण्यासारखी करून द्यायची, निदान १ मीटर रुंद, ब्रायडलवे असेल तर २ मीटर. बांधाच्या कडेची वाट तर मोडायचीच नाही. आता हे मे महिन्यात छातीएवढ्या मोहरीसारख्या पिवळ्या पिकात उभं राहून आठवायचं. डांबरी रस्त्यावरून वाट जिथं सुटते तिथं कौन्सिलनं पाटी लावलीच पाहिजे असा १९६८ पासूनचा नियम, आणि मी बघितलेल्या अकरा ठिकाणांपैकी तीन ठिकाणी नुसता खांब होता, एका ठिकाणी पाटी होती ती चक्क विरुद्ध दिशेला फिरलेली, वाऱ्यानं की कुणी मुद्दाम, देव जाणे. दूधवाल्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू असल्या शेतात सोडायचा नाही असाही नियम आहे. नियम मला माहीत होता. समोरच्या वळूचं वय त्याला विचारायची सोय नव्हती, म्हणून त्या शेताची पाहणी मी कुंपणाबाहेरून केली.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट शिकवली ती मात्र डोक्यात पक्की बसली. कुंपणात वाट काढायची तर आधी बघायचं की नुसती फट चालेल का. फट चालत नसेल, जनावरं निसटत असतील, तरच फाटक. फाटक अगदीच अशक्य असेल तर आणि तरच स्टाइल. ब्रिटिश स्टँडर्ड म्हणजे इथलं अधिकृत मानक, त्यातच हा क्रम दिलाय. आणि ते किसिंग गेट नावाचं प्रकरण, अर्धगोल कठड्यात झुलणारं छोटं फाटक, दिसायला गोंडस, त्यातून पण बऱ्याचदा चाकांची खुर्ची जात नाही, जोडबाबागाडी जात नाही. ब्रायडलवेवरचं फाटक तर निदान ५ फूट रुंद पाहिजे, आणि कडी अशी लांब दांड्याची की घोड्यावर बसल्या बसल्या हाताला लागेल, कारण उतरलं तर परत चढायचं कशावर? साठीच्या बाईनं शेताच्या मधोमध उतरून घोडीवर परत चढून दाखवा म्हणावं. म्हणून चांगल्या ठिकाणी फाटकाजवळ चढायला एक दगडी ओटासुद्धा ठेवतात. हे सगळं कुणीतरी, कधीतरी, अडलेल्या माणसाला सोबत घेऊन जाऊन शिकलेलं असणार, ऑफिसात बसून ओटा सुचत नाही.

माझ्या यादीत आमची दांडी अर्थातच पहिली. तिच्या पुढं मी लिहिलं, फळी सैल, उंची जास्त, फट किंवा फाटक करावं. मग उत्साहात शेतकऱ्यालाच भेटायला गेले, जे ट्रेनिंगमध्ये करू नका म्हणून सांगितलं होतं.

माणूस वाईट नव्हता. मला वाटलं होतं खेकसेल, त्यानं गाडीचं इंजिन बंद करून ऐकून घेतलं. मग त्याची बाजू सांगितली आणि ती मला आधी कधी सुचलीच नव्हती. फाटक म्हटलं की ते उघडं राहतं, लोक फोनवर बोलत जातात, कडी लावत नाहीत, गेल्या वर्षी दुसऱ्या एका फाटकातून त्याच्या गाई रस्त्यावर गेल्या होत्या. स्टाइलला कुणी उघडं टाकू शकत नाही. कुत्री मेंढ्यांच्या मागं लागतात. आणि खर्च? कायद्यानं फाटकं-दांड्या सांभाळायची जबाबदारी जमीनमालकाची, कौन्सिल निदान चौथा हिस्सा देतं, उरलेलं त्याच्या खिशातून, त्याला स्वतःला तिथून कधी चर्चला जायचं नाही. "तुमच्या आईसाठी मला वाईट वाटतं," म्हणाला, "पण वर्षातून तीन महिने येणाऱ्या बाईसाठी मी फाटक बसवू का?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. म्हणजे होतं, की तुमचीही आई, तुम्हीही कधीतरी, पण ते तोंडावर बोलायला मला जमलं नाही. मी एवढंच विचारलं की आपोआप बंद होणारं असलं तर? तो म्हणाला, बघू. बघू हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच लांब असतो.

आराखड्याच्या बैठकीला गेल्यावर कळलं की दांडी काढणं हा सगळ्यात सोपा विषय आहे, भांडणं खरी लागतात ती वाटेच्या पृष्ठभागावरून. सायकलवाल्यांना कडक, सपाट, पावसात न चिखलणारी वाट पाहिजे, रोज कामाला जायचं तर चिखल चालत नाही, बरोबरच आहे त्यांचं. घोडेवाल्यांना मऊ माती पाहिजे, डांबरावर टाप घसरते, शिवाय मागून गुपचूप आलेल्या सायकलीला घोडा बिचकतो. चाकांच्या खुर्चीवाल्याला डांबर देवासारखं. आणि माझ्यासारख्या रविवारच्या चालणाऱ्यांना वाटतं, काही करूच नका हो, गवत राहू द्या, वाटेचा रस्ता करू नका. तासभर हे चाललं. ज्यांना रोज जमतं तेच 'काही करू नका' म्हणतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हात वर केला होता तो खाली घेतला.

सगळ्यांना एकाच वेळी खूश करणाऱ्या जागा कमी. ब्रिस्टल ते बाथ हा जुन्या रेल्वेमार्गावरचा १३ मैलांचा रस्ता तसा आहे, १९७९ ते १९८६ मध्ये स्वयंसेवकांनी बांधत नेलेला, पुढं देशभर सायकलमार्गांचं जाळं विणणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेची सुरुवात तिथलीच. रेल्वे गेली, रूळ उचलले, पण रेल्वेला चढ चालत नाही म्हणून आयती सपाटी मागं राहिली, त्यावर म्हातारे, पोरं, सायकली सगळे. आता प्रत्येक काउंटीत बंद पडलेली रेल्वे थोडीच असते. उलट टोकाला पेनाइन वे बघा, १९६५ मध्ये उघडलेली २६८ मैलांची डोंगरी वाट, ती इतकी लोकप्रिय झाली की पाऊल ठेवून ठेवून वरचं दलदली पठारच फाटत गेलं, लोक चिखल चुकवायला बाजूनं चालायचे, मग ती बाजू चिखल व्हायची, वाट रुंदच होत जायची. शेवटी बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या फरश्या आणून, काही ठिकाणी हेलिकॉप्टरनं उतरवून, दलदलीवर ओळीनं टाकल्या. पहिल्यांदा लोक ओरडले की डोंगरावर शहरातल्यासारखा फुटपाथ केला. मी त्या फरश्यांवरून चालले आहे. ज्या गिरणीतून कामगार रविवारी डोंगरावर पळायचे त्याच गिरणीची फरशी त्यांच्या नातवंडांच्या पायाखाली, हे मला तर फार आवडलं, चिखल वाचला ते वेगळंच.

मग आराखडा छापून आला. नव्वदच्या वर पानं, छान फोटो, फोटोत सगळे हसतायत. शेवटी कामांचा तक्ता, आणि त्यात आमची दांडी, प्राधान्य: मध्यम. आणि तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात, निधी उपलब्ध झाल्यास. कारण कायद्यात आराखडा करणं बंधनकारक आहे, त्यातली कामं करणं नाही. हे वाचून मी आधी चिडले आणि मग मागचा आराखडा काढून बघितला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. त्यात तीच वाट होती, तीच दांडी, मध्यमच. म्हणजे माझी पोरगी बाबागाडीत बसून टाळ्या वाजवत होती तेव्हाही ती कुणीतरी लिहून ठेवलेली होती. तो कोण होता, त्याची कोण थांबली होती, माहीत नाही.

घोडेवाल्या बाईंची अर्ध्यात तुटलेली वाट मात्र आराखड्यात नव्हतीच. त्याला वेगळा अर्ज, पुरावे, जुने नकाशे, आक्षेप, मग निकाल द्यायला सरकारी इन्स्पेक्टर. बाईंनी अर्ज केलाय. घोडी आता चोवीस वर्षांची आहे.

फाटक बसलं ते आराखड्यामुळं बसलं की नाही मला आजही सांगता येणार नाही. फेब्रुवारीच्या वादळात त्या कुंपणावर झाड पडलं, दांडीचे तुकडे झाले, नाहीतरी नवीन काहीतरी बसवायचंच होतं आणि कौन्सिलच्या गोदामात एक आपोआप बंद होणारं लोखंडी फाटक पडून होतं. कौन्सिलचा रेंजर म्हणाला, यादीत ही जागा आधीच असल्यामुळं लगेच सही मिळाली. शेतकरी म्हणाला, बघू म्हटलं होतं ना मी. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी गेले तर चकचकीत फाटक उभं, ढकललं की उघडतं, सोडलं की स्वतःच जाऊन खट्ट करून लागतं. मी पाच-सहा वेळा उगाच इकडून तिकडं गेले. मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि यावेळी फोन खाली न धरता, समोर धरून, एका हातानं फाटक ढकलून आरपार गेले.

आई बघत राहिली. म्हणाली, "छान केलंय गं. पण पलीकडं एवढा चिखल कसला?"

बघितलं तर खरंच. पूर्वी दांडीवरून एकेक जण पाय उचलून जायचा, आता सगळी ये-जा त्याच एका जागेवरून, गाईसुद्धा फाटकापाशी येऊन घोळका करून उभ्या राहायला लागलेल्या, खाली चिकणमाती, पाऊस महिनाभर. फाटकापलीकडं तीन मीटर नुसता राडा होता, माझे बूट घोट्यापर्यंत आत.

"मुरूम टाकायला सांग थोडा," आई म्हणाली. "मी जूनमध्ये येतीय."